माप गिऱ्हाईकाचं, वही दुकानाची



माझे अब्बा बार्शीत शिंपीकाम करायचे. दुकान म्हणजे एक लहानशी खोली. त्यात शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवरच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली एक लांबट वही. त्या वहीत गिऱ्हाइकांची मापं असायची. उंची, छाती, कंबर, बाही, गळा. मापांच्या शेजारी अब्बांच्या बारीक अक्षरात एखादी ओळ असायची: 'डावा खांदा उतरता', 'खिसा खोल पाहिजे', 'वरचं बटण लावत नाहीत, गळा सैल ठेवणे'. एकदा माप दिलं की पुढच्या वेळी गिऱ्हाईक नुसतं कापड टाकून जायचं. सदरा अंगावर बरोबर बसायचा.

आमच्या शाळेतले एक गुरुजी बदली होऊन लातूरला निघाले होते. जाण्याआधी दुकानात आले आणि जरा संकोचून म्हणाले, "मास्तर, माझं माप तेवढं लिहून द्याल का? तिकडचा शिंपी नवा असणार." अब्बांनी वही काढली, कागदावर माप उतरवलं. खांद्याची ओळसुद्धा उतरवली. गुरुजी पैसे विचारायला लागले तेव्हा अब्बा हसले. म्हणाले, "गुरुजी, माप तुमचंच आहे. वही तेवढी दुकानाची."

आज मला बोलायचं आहे ते संगणकाविषयी. मी काही त्यातला जाणकार नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण गेली पंधरा-सतरा वर्षं लिहितो ते संगणकावर, आणि या काळात अब्बांच्या त्या वाक्याची मला अनेकदा आठवण झाली.

आपण एखादा प्रोग्राम वापरायला लागतो तेव्हा त्यालाही माप देत असतो. डोळे मंदावले म्हणून अक्षर मोठं करून घेतो. समास वाढवतो. कळफलक मराठीचा निवडतो. 'तऱ्हा' मधला 'ऱ्ह' लिहिताना दर वेळी बोटं अडखळतात, म्हणून कुठल्या अक्षरांच्या जागी काय उमटावं हे एकदाच सांगून ठेवतो. शुद्धलेखन तपासणारा भाग एखाद्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढतो, तेव्हा 'हा शब्द बरोबर आहे, शब्दकोशात घाल' असं सांगतो. प्रोग्राम हे सगळं लक्षात ठेवतो. लक्षात ठेवतो म्हणजे कुठल्यातरी फाइलमध्ये लिहून ठेवतो. संगणकाच्या भाषेत तिला सेटिंग्जची फाइल म्हणतात. आपल्या भाषेत ती मापाची वहीच.

फरक इतकाच, की अब्बांची वही खिळ्याला टांगलेली होती. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ती दिसायची. संगणकातली वही कुठल्या खिळ्याला आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

मला ते कळलं, पण फार उशिरा. २०२२ मध्ये माझा संगणक फार संथ झाला. सुरू करून चहा करून यावा, तरी पडदा उजळलेला नसे. दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथला मुलगा मोठा कष्टाळू. म्हणाला, "चाचा, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. तुमच्या फायली आधी काढून घेतो, काळजी करू नका." त्यानं शब्द पाळला. डेस्कटॉपवरचं, डॉक्युमेंट्समधलं, फोटो, डाउनलोड केलेलं, सगळं काढून घेतलं आणि परत भरून दिलं. माझी एक कविता हरवली नाही.

चार-पाच दिवसांनी एक जुना लेख उघडला, तर पानभर तांबड्या रेघा. बधना, चोंगे, मलिदा, सरोता, उगालदान, दस्तरखान. ज्या शब्दांची माझ्या प्रोग्रामला पूर्वीच ओळख करून दिली होती, ते सगळे पुन्हा परके झाले होते.

श्रोतेहो, हे माझ्या आईच्या तोंडचे शब्द. आमच्या घरात दखनी आणि मराठी एकाच चुलीवर शिजायची. आई 'माळवदावर बधना राहिला बघ' असं म्हणायची, तेव्हा त्यातला कुठला शब्द कुठल्या भाषेचा, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. मी शेजारी बसून लिहायचो. ती बोलायची, मी टंकायचो. त्यातलं पुष्कळसं मी पुढे खोडून टाकलं, कारण ते कवितेत बसलं नाही. पण शब्दाखाली रेघ आली की तो शब्दकोशात घालायची मला सवय होती. मजकूर पुसला गेला तरी शब्द यादीत राहायचे. आई २०२१ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी ती यादीही गेली.

दुरुस्तीवाल्या मुलाला मी बोल लावला नाही. डोळ्यांना दिसलं ते सगळं त्यानं जपून काढून घेतलं होतं. ही यादी दिसणाऱ्या जागी नव्हतीच.

माझी एक भाची पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करते. तिला फोन केला. तिनं आधी विचारलं, "मामू, तुमचा जुना लॅपटॉप आहे का अजून?" होता, माळ्यावर. २०१७ पर्यंत मी तो वापरला होता. तिच्या सांगण्यावरून तो खाली काढला, धूळ पुसली, सुरू केला. फोल्डरची खिडकी उघडून वरच्या 'व्ह्यू' या शब्दावर जायचं आणि 'हिडन आयटम्स', म्हणजे लपवलेल्या गोष्टी, दाखवायला सांगायचं. तसं केलं, आणि माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर फिकट रंगात उगवलं. 'ॲपडेटा'. त्याच्या आत तीन. त्यातल्या एकात प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या नावाचं फोल्डर, त्यात आणखी एक, त्यात आणखी एक. माजघरातून कोठीत, कोठीतून बळदात, तसा मी उतरत गेलो. शेवटी एक लहानशी फाइल. भाची म्हणाली, "ही नोटपॅडमध्ये उघडा." उघडली. एका ओळीत एक शब्द. वरपासून खालपर्यंत माझी आई.

भाची फोनवर म्हणाली, "मामू, गई नै थी, छुपी थी."

तेव्हा मला आणखी एक गोष्ट समजली. २०१७ मध्ये नवा संगणक घेतला तेव्हा जुन्यावरचं सगळं भाचीनंच इकडे आणून दिलं होतं. तिला ही जागा ठाऊक होती, म्हणून शब्द आपोआप आले असं मला वाटलं. २०२२ मध्ये ठाऊक असणारं माणूस जवळ नव्हतं. २०१७ पर्यंतचे शब्द सापडले. त्यानंतरच्या पाच वर्षांचे, म्हणजे आईच्या अखेरच्या दिवसांतले, सापडले नाहीत.

मग मला या लपवाछपवीचा इतिहास शोधावासा वाटला. तो मोठा गमतीचा निघाला.

विंडोजच्या सुरुवातीच्या काळात अशा नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत असत. त्यांच्या नावाच्या शेवटी आय-एन-आय ही अक्षरं असायची. कोणीही उघडाव्यात, वाचाव्यात. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि 'रजिस्ट्री' नावाच्या एका मोठ्या सामायिक खतावणीत नोंदी ठेवण्याचा प्रघात पडला. खतावणीतलं आपलं पान फाडून घरी नेणं सामान्य माणसाला जमण्यासारखं नव्हतं. पुढे एकाच संगणकावर घरातली चार माणसं काम करू लागली, तेव्हा प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या ठेवणं भाग पडलं. त्यासाठी प्रत्येकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये एक जागा ठरवली, आणि ती लपवून ठेवली. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून तिचं नाव 'ॲपडेटा' झालं. तिच्या आतल्या तीन खोल्यांपैकी 'रोमिंग' मध्ये कार्यालयाच्या जाळ्यात माणसाबरोबर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतील अशा नोंदी असतात, आणि 'लोकल' मध्ये त्या एका यंत्रापुरत्या. तिसरी आहे 'लोकल-लो', कमी अधिकार दिलेल्या प्रोग्रामांसाठी. व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. पण 'ॲपडेटा' हे नाव वाचून कोणाला वाटेल, की इथे आपल्या आईचे शब्द असतील?

ॲपलच्या मॅक संगणकावर अशा नोंदी 'लायब्ररी' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तो पूर्वी उघड दिसायचा. २०११ मध्ये 'लायन' नावाची आवृत्ती आली आणि तोही लपवला गेला. 'गो' ही यादी उघडून कळफलकावरची 'ऑप्शन' ही कळ दाबून धरली, की तो यादीत दिसतो. जुन्या लाकडी कपाटांना चोरकप्पा असायचा, त्यातली ही तऱ्हा.

सगळ्यात मजेशीर कथा आहे ती युनिक्सची. आजच्या लिनक्सची परंपरा तिथून येते. त्या व्यवस्थेत ज्या फाइलच्या नावाची सुरुवात टिंबानं होते, ती यादीत दिसत नाही. हे कसं झालं, ते त्याच बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिलं. प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खुणेच्या नोंदी असत. एक टिंब म्हणजे 'हेच फोल्डर', दोन टिंबं म्हणजे 'याच्या वरचं फोल्डर'. यादी काढताना या दोन नोंदी दिसू नयेत, एवढाच हेतू होता. पण ज्यानं ती ओळ लिहिली त्यानं पूर्ण नाव न तपासता फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का, एवढंच तपासलं. घाईचं काम. परिणाम असा, की टिंबानं सुरू होणारं कुठलंही नाव दिसेनासं झालं. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांना वाटलं, वा, सामान ठेवायला अडगळीची खोली मिळाली! आणि ज्यानं त्यानं आपल्या नोंदी टिंब लावून तिथे टाकायला सुरुवात केली. अनवधानाची पुढे चाल पडली आणि चालीचा नियम झाला. समाजातही असं होतं, नाही का?

पुढे लिनक्सवाल्यांनी यात शिस्त आणायचा एक संकेत ठरवला. माणसानं केलेल्या निवडी एका ठिकाणी, प्रोग्रामनं जमवलेली सामग्री दुसऱ्या ठिकाणी, आणि पुसली तरी चालेल अशी तात्पुरती साठवण तिसऱ्या ठिकाणी. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. लपवणं चुकीचं, यापेक्षा मोठी अडचण ही आहे, की आपण हातानं दिलेलं माप आणि दुकानातल्या चिंध्या एकाच पोत्यात भरलेल्या असतात. काय जपावं आणि काय टाकावं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. भाचीशी माझा यावर वाद झाला. ती म्हणाली, "मामू, आम्ही लपवतो ते तुमच्या भल्यासाठी. उघड्यावर ठेवलं तर कोणीतरी जागा मोकळी करायची म्हणून पुसून टाकेल, मग प्रोग्राम चालत नाही म्हणून आम्हालाच फोन." हे खरं आहे. अब्बाही शिलाई मशीनच्या खालच्या पट्ट्याला कोणाला हात लावू देत नसत. शिवाय या फोल्डरांत नाजूक गोष्टी असतात. इंटरनेट बघायच्या प्रोग्रामाच्या फोल्डरमध्ये आपण साठवलेले पासवर्डही असतात. ते सरसकट कोणाच्या हाती देणं धोक्याचं.

पण मी तिला म्हटलं, पट्ट्याला झाकण घाल. वहीला कशाला घालतेस? आणि झाकण घातलंसच, तर त्यावर पाटी लाव.

पाटी लावणं अवघड नाही, हे काहींनी दाखवलेलं आहे. फायरफॉक्समध्ये मदतीच्या यादीतून अडचण-निवारणाच्या माहितीचं पान उघडलं, की 'प्रोफाइल फोल्डर' अशी एक ओळ दिसते आणि तिच्यापुढे ते फोल्डर उघडायचं बटण असतं. एक टिचकी, आणि आपण नेमके वहीपाशी. लिब्रेऑफिस या मोफत लेखन-प्रोग्रामात पर्यायांच्या खिडकीत 'पाथ्स' नावाचं एक पान आहे. आपले शब्दकोश कुठे आहेत, आपोआप दुरुस्तीच्या नोंदी कुठे आहेत, याचे पत्ते तिथे लिहिलेले असतात. म्हणजे हे करता येतं. ज्यांनी केलं नाही, त्यांच्या ते मनात आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आज पुणे, मुंबई, नागपूरमध्ये हजारो मराठी मुलंमुली जगासाठी प्रोग्राम लिहितात. त्यांच्यापैकी कोणी हे ऐकत असेल, तर एका शिंप्याच्या मुलाच्या चार मागण्या आहेत. पहिली, यादीत सहज सापडेल अशा जागी 'माझ्या नोंदी कुठे आहेत' असं एक वाक्य ठेवा, आणि त्यावर टिचकी मारली की ते फोल्डर उघडू द्या. दुसरी, माणसानं हातानं घातलेलं आणि यंत्रानं जमवलेलं वेगळं ठेवा. तिसरी, शक्य तिथे नोंदी साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात ठेवा. अब्बांचं अक्षर लातूरच्या शिंप्यालाही लागलंच ना? आणि चौथी, 'माझं माप लिहून द्या' असं एक बटण ठेवा, म्हणजे माणूस दुसऱ्या संगणकावर जाताना ते घेऊन जाईल.

कोणी म्हणेल, आता या नोंदी इंटरनेटवरच्या खात्यात राहतात, ही चिंता जुनी झाली. काही प्रोग्रामांत तशी सोय आहे, आणि ती उपयोगी आहे. पण तिथेही प्रश्न तोच. ते माप मला बघता येतं का? मला नेता येतं का? वही दुकानातून गोदामात गेली, एवढाच फरक.

तोवर आपण काय करावं? विंडोज वापरत असाल, तर फोल्डरच्या खिडकीत वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीतून टक्क्याचं चिन्ह, त्याला जोडून 'ॲपडेटा', पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं सलग टंकून एंटर दाबा. लपलेलं 'रोमिंग' फोल्डर समोर येतं. ज्या प्रोग्रामात तुम्ही वर्षानुवर्षं काम केलं, त्याच्या नावाचं फोल्डर तिथे बहुधा सापडेल. तो प्रोग्राम आधी बंद करा, कारण बरेच प्रोग्राम बंद होतानाच आपली वही लिहून पुरी करतात. मग त्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. आतलं काही पुसू नका, हलवू नका, नुसती प्रत घ्या. आणि ज्या पेन ड्राइव्हवर पासवर्ड असू शकतात, तो दुसऱ्याच्या हाती देऊ नका. संगणक दुरुस्तीला देताना त्या मुलाला एवढं विचारा, "बाळा, लपलेल्या फोल्डरचीही प्रत घेतलीस का?" त्याला लगेच कळेल.

अब्बा गेले, दुकान बंद झालं. वही अजून माझ्याकडे आहे. गावातली कितीतरी माणसं त्या वहीत आहेत, त्यांच्या उतरत्या खांद्यांसकट. पूर्वी मला वाटायचं, ही नुसती आकड्यांची वही. आता तसं वाटत नाही. माणूस जिथे जिथे 'मला असं हवं' असं सांगतो, तिथे त्याचं थोडंसं चरित्र लिहिलं जातं. ते खोबणीत ठेवा, कप्प्यात ठेवा, पण ज्याचं त्याला सापडू द्या.

माझे पाच वर्षांचे शब्द गेले ते गेले. कधी बोलता बोलता थोरल्या बहिणीच्या तोंडून त्यातला एखादा येतो. मी तो लिहून घेतो. आणि आता मी तो कुठे लिहून ठेवतो, ते मला ठाऊक असतं.